एसीवाल्याला कशाला बोलवायचं?

मे महिन्यात एसी गार हवा देईनासा झाला की दुबळी माणसं मेकॅनिकला फोन लावतात. तो ‘उद्या सकाळी येतो’ म्हणतो, आणि ती सकाळ साधारण पहिल्या पावसाच्या सुमारास उजाडते. तुम्ही त्यातले नाही. तुमच्याकडे टेस्टर आहे, पक्कड आहे, एम-सील आहे आणि काल रात्री जागून पाहिलेले व्हिडिओ आहेत. त्यातले निम्मे तेलुगूत होते, तरी हातवारे कळले ना? मग झालं.

यंत्राला मुळीच भिऊ नका. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. कॅनडातला तुमचा भाचा हेच चक्र हिवाळ्यात उलटं फिरवून बाहेरच्या गारठ्यातली उष्णता घरात ओढतो आणि त्याला हीट पंप म्हणतो. लॉर्ड केल्विन यांनी ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती. पावणेदोनशे वर्षं जुनी गोष्ट ती, रविवारी दुपारच्या जेवणाआधी उरकायला हवी.

एक पथ्य मात्र पाळा. पुढचं झाकण उचललं की एक जाळी दिसेल. तिच्यावर धुळीची गोधडी जमलेली असेल. तिला हात लावू नका. जाळी काढून नळाखाली धुवायची आणि वाळवून परत बसवायची, हे कंपनीच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. म्हणजे ते कुणालाही जमतं, म्हणजे ते तुमच्या योग्यतेचं नाही. जाळी तुंबली की हवेचा रस्ता अडतो, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून भिंतीवरून थेट कपाटावर उतरतो. हे पाणी दिसताच कमरेवर हात ठेवून निदान जाहीर करा: गॅस संपला.

हे निदान कधीच चुकत नाही, कारण ते तपासायला कुणी जात नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. ती गळती शोधायची तर नायट्रोजन भरा, सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुड्याची वाट पाहा... इतका वेळ कुणाला आहे? नायट्रोजन नसला तरी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे ऑक्सिजनचं नळकांडं असतंच. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडली की स्फोट होतो, पण हवेशीर घराला एखादी खिडकी जास्त झाली म्हणून कुणाचं बिघडलंय?

आता गॅस भरू. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर कोणता गॅस ते छापलेलं असतं. ऊन लागून ती पुसट झाली असेल तर देवाची कृपाच. चालू मशीनवर आर-२२ या गॅसचा परतीचा दाब पासष्ट पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास राहतो, आर-४१०ए आणि आर-३२चा जवळजवळ दुप्पट. हा भेद मेकॅनिक लोकांनी भाव वाढवायला काढला आहे असं समजा. आर-३२ पेट घेऊ शकतो. आर-२९० तर शुद्ध प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्याच घराण्यातला. तेव्हा सांधा जोडायला गॅसची ज्योत पेटवताना चेहरा जवळ ठेवा, बारकावे दिसतात. व्हॅक्यूम पंपाच्या भानगडीत पडू नका. नळ्यांत दमट हवा राहिली तर तेलाशी मिळून आम्ल होतं आणि ते कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं, पण ते सावकाश. तोवर गणपती येतात.

आधीचा गॅस गॅलरीतून सोडून द्या. किलोभर आर-४१०ए म्हणजे हवेला दोन टन कार्बन डायॉक्साइडचा आहेर. असले वायू कमी करायचे म्हणून २०१६ साली देशोदेशीची मंडळी रवांडातल्या किगालीत जमली होती. तुमची गॅलरी त्या सभेला हजर नव्हती.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. बटण बंद केलं म्हणजे वीज गेली, हा विश्वास ढळू देऊ नका. कॅपॅसिटर बंद मशीनमध्येही विजेचा भार धरून बसतो, आणि इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावर तर तीनशे व्होल्टच्या वर डीसी काही काळ मुक्कामाला असतो. पेचकस लावाल तेव्हा ओळख होईलच.

राहिलं बाहेरचं युनिट. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, दोन लोखंडी ब्रॅकेटवर. समुद्राच्या वाऱ्याने त्या ब्रॅकेटचं काय झालंय ते वरून दिसत नाही, आणि न दिसलेलंच बरं. पट्टा, दोर वगैरे काही लागत नाही. सौभाग्यवतींनी शर्टाचं टोक धरलं की पुरे. तो एसीवाला पोरगा तरी कुठे पट्टा लावतो? एका पायावर लोंबकळत तो पाच मिनिटांत दोन नट आवळतो आणि आपण सोफ्यावरून म्हणतो, ‘पाच मिनिटांचे आठशे?’ त्याने भर उन्हात घालवलेली दहा वर्षं बिलात लिहिलेली नसतात, त्यामुळे ती धरायची नाहीत. त्याला पट्टा कोण देतं, तो पडला तर त्याच्या घरी काय पोचतं, असले प्रश्न आपल्या हिशेबात बसत नाहीत. तुम्ही फक्त खाली पार्किंगमध्ये कुणाची गाडी उभी आहे तेवढं पाहून घ्या.

इतकं करूनही एसीतून गरम वारा येऊ लागला तर खचू नका. शेवटी मेकॅनिक येईल. उरलेले चार स्क्रू खिशात ठेवा आणि हाताला लागलेलं काळं तेल लुंगीला पुसा. तो झाकण उघडेल, एम-सीलचा गोळा पाहील, एकदा तुमच्याकडे आणि एकदा छताकडे बघेल. मग विचारेल, ‘साहेब, कुणी हात लावला होता का?’ मागच्या भाडेकरूचं नाव घ्या. घर स्वतःचं असेल तर मेहुण्याचं. आणि तो कामाला लागला की खुर्ची ओढून त्याच्या मागे बसा, चष्मा कपाळावर चढवा आणि दरडावून सांगा, ‘हे बघ, गॅस नीट बघून भर हं. आम्हाला यातलं सगळं कळतं.’