पूड पाण्यात टाका, हायड्रोजन घ्या? जरा थांबा

‘ऑक्सिनायट्राइडची पूड पाण्यात टाका, उन्हात ठेवा, फुकट हायड्रोजन घ्या. कार्यक्षमता जवळपास 100 टक्के, सिलिकॉनचे दिवस भरले’ अशा आशयाचा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. ऑक्सिनायट्राइड, म्हणजे ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही असलेलं संयुग, हा पदार्थ खरा आहे, दावे मात्र कुठले कुठे चिकटवलेत.

100 टक्क्यांचंच बघा. 2020 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी दोमेन यांच्या गटाने 96 टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी आले, ते प्रमाण) दाखवली, पण ती ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची. तो साधा ऑक्साइड; त्यात नायट्रोजन औषधालाही नाही. शिवाय हा आकडा 350-360 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशातला, आणि उन्हात अतिनील असतो जेमतेम काही टक्के. याच पदार्थाचं 100 चौरस मीटरचं पॅनेल जपानमध्ये उघड्यावर चालवलं, तेव्हा सौरऊर्जेचं हायड्रोजनमध्ये रूपांतर झालं जास्तीत जास्त 0.76 टक्के. म्हणजे भर उन्हात 100 किलोवॅट पडलं, तर हाती पाऊण किलोवॅट!

ऑक्सिनायट्राइडकडे लोक वळले ते याचमुळे. टँटलम ऑक्साइड पांढरा, त्याचा बँडगॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 3.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यात नायट्रोजन शिरला की तो 2.5 वर येतो, पूड पिवळसर होते आणि दृश्य प्रकाश शोषू लागते. कल्पना झकासच आहे.

‘फक्त पाणी पुरतं’? बहुतेक प्रयोगांत हायड्रोजन काढताना इलेक्ट्रॉन पुरवणारं मेथॅनॉल घालतात, ऑक्सिजन काढताना इलेक्ट्रॉन घेणारं सिल्व्हर नायट्रेट. अर्धीच अभिक्रिया तपासायची असेल तर ते योग्यच, पण त्याला पाण्याचं पूर्ण विघटन म्हणता येत नाही. तेही जमलंय, गॅलियम नायट्राइड-झिंक ऑक्साइडच्या मिश्रणाने 2006 मध्ये करून दाखवलं, क्वांटम कार्यक्षमता सुमारे 2.5 टक्के.

‘पूड कायम टिकते’ हेही खरं नाही. प्रकाशाने तयार झालेले होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या जागा) पाण्याऐवजी पदार्थातल्या नायट्रोजनलाच ऑक्सिडाइझ करतात. निघणाऱ्या वायूत नायट्रोजन दिसला, की पूड स्वतःच झिजतेय असा संशय घ्यायचा. कोबाल्ट ऑक्साइडसारखा सहउत्प्रेरक (अभिक्रियेला मदत करणारा जोडपदार्थ) लावून हे बरंच आवरता येतं.

फुकट म्हणाल, तर ही पूड अमोनियाच्या प्रवाहात 850-950 अंशांवर तासन् तास भाजावी लागते, आणि अमोनिया अजून बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच बनतो.

सिलिकॉनचं तर हसूच येतं. चिपमध्ये वर्षानुवर्षं वापरलेलं ऑक्सिनायट्राइड म्हणजे सिलिकॉनचंच, ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा इन्सुलेटर थर!

आणि ‘घरी करून बघा’ हे कृपा करून पुढे पाठवू नका. एकाच भांड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक प्रमाणात साठतात. एक ठिणगी पुरते.