पॉल ॲलन हे आयत्या बिळावरचे नागोबा नव्हते

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्याविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. कंपनी उभी केली ती बिल गेट्स यांनी एकट्याने. ॲलन शाळासोबती म्हणून भागीदार झाले, आजारपणामुळे लवकर बाहेर पडले, नशिबाने शेअर वाढत गेले म्हणून अब्जाधीश झाले आणि पुढे तो पैसा त्यांनी हौसेमौजेत उधळला, असा त्याचा आशय असतो. यातले आजारपण तेवढे खरे आहे.

पहिला आरोप बिनकामाच्या भागीदारीचा. अल्टेअर ८८०० या संगणकाचे चित्र मुखपृष्ठावर असलेला मासिकाचा अंक घेऊन गेट्स यांच्याकडे धावले ते ॲलनच. त्या यंत्रासाठी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती लिहायचे ठरले, पण यंत्र दोघांकडेही नव्हते. तेव्हा हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकाला अल्टेअरमधल्या इंटेलच्या ८०८० चिपसारखे वागायला लावणारा प्रोग्रॅम ॲलन यांनी तयार केला. वाहने मोजण्याच्या त्यांच्या आधीच्या धंद्यात ८००८ चिपसाठी त्यांनी असेच काम केलेले होते. बेसिकचा मोठा भाग गेट्स यांनी लिहिला हे मान्यच आहे, पण तो चालवून पाहण्याची सोय ॲलन यांच्यामुळे झाली. १९७५ मध्ये प्रात्यक्षिकासाठी अल्टेअर बनवणाऱ्या कंपनीच्या गावी, अल्बुकर्कीला जाताना, कागदी फितीवरून बेसिक यंत्रात चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा राहिल्याचे विमानात लक्षात आले आणि तो त्यांनी तिथेच थेट यंत्रभाषेत कागदावर उतरवला. दुसऱ्या दिवशी दोन अधिक दोन विचारल्यावर अल्टेअरने चार असे उत्तर छापले. ज्या व्यवहारावर मायक्रोसॉफ्ट उभी राहिली तो या प्रात्यक्षिकानंतर झाला.

पुढे आयबीएम या बड्या संगणक कंपनीला आपल्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी कार्यप्रणाली, म्हणजे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, हवे होते, त्या वेळीही तेच दिसते. वाटाघाटी गेट्स यांच्या, पण सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सकडे तयार असलेली कार्यप्रणाली मिळवण्याचा व्यवहार ॲलन यांनी जुळवला, आणि तीच पुढे मायक्रोसॉफ्टची डॉस ही कार्यप्रणाली झाली.

नशिबाचा मुद्दा त्याहून कच्चा आहे. १९८२ मध्ये त्यांना हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग झाला आणि १९८३ मध्ये त्यांनी रोजचे काम सोडले. त्या वेळी गेट्स यांनी त्यांचे शेअर प्रत्येकी ५ डॉलरला मागितले होते. ॲलन यांनी १० डॉलरच्या खाली येण्यास नकार दिला, म्हणून हिस्सा त्यांच्याकडेच राहिला. १९८६ मध्ये कंपनी बाजारात आली तेव्हा शेअरचा भाव २१ डॉलर होता. आजारी माणसाने हातची रक्कम नाकारून धरून ठेवलेल्या मालकीला नशीब म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उरली उधळपट्टी. चार्टर या केबल कंपनीत त्यांचे अब्जावधी डॉलर बुडाले; कर्जाने वाकलेल्या त्या कंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि हा त्यांचा चुकलेलाच निर्णय होता. पण त्यांच्याच पैशातून बनलेले स्पेसशिपवन २००४ मध्ये माणसाला अवकाशात नेणारे पहिले खासगी यान ठरले. ज्या 'ऑक्टोपस' नौकेचे छायाचित्र चैनीचा पुरावा म्हणून जोडले जाते, तिच्यावरच्या पथकाने २०१५ मध्ये फिलिपिन्सजवळ 'मुसाशी' या बुडालेल्या जपानी युद्धनौकेचे अवशेष शोधले. त्याआधी, २००३ मध्ये, १० कोटी डॉलर देऊन त्यांनी सिॲटलमध्ये मेंदूविज्ञानाची संस्था स्थापन केली. उंदराच्या मेंदूत सुमारे २० हजार जनुकांपैकी कोणते कुठे कार्यरत असते याचा नकाशा त्या संस्थेने २००६ मध्ये पूर्ण केला आणि तो जगातल्या कोणत्याही संशोधकाला विनामूल्य खुला केला.