अस्सल कागदांच्या मुद्द्यावर थोडं

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसता राग आला. तुमचा आक्षेप असा: युलरिच फिलिप्स या गोऱ्या इतिहासकाराने गुलाम राबवणाऱ्या मळ्यांवरचे अस्सल कागद वाचून १९१८ साली अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास लिहिला. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताने दप्तरं न धुंडाळताच १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळाचा इतिहास लिहिला. तरी मी पहिल्याला पक्षपाती ठरवतो आणि दुसऱ्याला डोक्यावर घेतो.

डू बॉइसबद्दलचं तुमचं म्हणणं बरंचसं मान्य. त्याचा ग्रंथ मुख्यतः छापील अहवाल आणि इतरांची पुस्तकं यांवर उभा आहे. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

पण दप्तरात जायचं म्हणजे काय, तेही ऐका. १९३९ मध्ये जॉन होप फ्रँकलिन हा हार्वर्डचा कृष्णवर्णीय विद्यार्थी नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी दप्तरखान्यात गेला. इमारत बांधताना कुणी काळा संशोधक इथे येईल असं आमच्या मनातही आलं नव्हतं, असं त्याला सांगितलं गेलं. वेगळी खोली तयार होईपर्यंत काही दिवस थांबावं लागलं. गोऱ्या नोकरांनी त्याला कागद आणून द्यायला नकोत म्हणून कोठाराच्या किल्ल्याच त्याच्या हाती दिल्या! पुढे गोऱ्या संशोधकांनी ‘आम्हालाही किल्ल्या हव्यात’ अशी कुरकुर केली, तेव्हा त्या परत घेतल्या.

आता फिलिप्स. कागद अस्सल होते, वाद नाही. पण हिशेबाच्या वह्या मालकाच्या, पत्रं मालकाची. त्यांतून मळा म्हणजे माणसं घडवणारी शाळा, असा निष्कर्ष त्याने काढला. सुटून आलेल्या गुलामांच्या आत्मकथा मात्र गुलामगिरीविरोधकांनी संपादलेल्या म्हणून त्याला संशयास्पद वाटल्या. संपादकाचा हात दिसला, मालकाचा नाही.

‘गुलामगिरी संपल्यावर सत्तर वर्षांनी म्हाताऱ्यांना काय आठवणार?’ हा तुमचा प्रश्न मात्र खरंच चांगला आहे. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या. त्यांत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनची सुझन हॅमलिन आहे, शंभरीच्या घरातली. तिच्याकडे दोन मुलाखतकार वेगवेगळ्या वेळी गेले. गोऱ्या बाईंना तिने मालक किती भला होता ते सांगितलं; त्या गरिबांना सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयातून आल्यात असा तिचा समज होता. कृष्णवर्णीय मुलाखतकाराला तिने फटके सांगितले, आणि आईबाप, भावंडं विकली गेल्यावर बायका-पुरुषांनी फोडलेला हंबरडा सांगितला. बाई तीच, गाव तेच.

आठवण पुसट झाली म्हणून असं होत नाही. समोर कोण बसलंय हे म्हातारीला नीट कळत होतं. म्हणून मी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचतो, आणि फिलिप्सच्या वह्याही तशाच वाचाव्यात एवढंच मागतो.

डू बॉइसच्या साधनांबद्दलची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री घालतो.