कुल्ले मागे, सर!

गॅसचा सिलिंडर उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. भरलेला सिलिंडर तिसेक किलोचा. त्यातला गॅस 14.2 किलो, बाकी लोखंड आणि माझा अहंकार. महिनाभर शेक-लेप झाल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "आता पाठ आणि मांडीचे मागचे स्नायू बळकट करा. डेडलिफ्ट शिका. जमिनीवरचं वजन नीट वाकून उचलायचं." म्हणजे ज्या उद्योगाने कंबर गेली तोच पुन्हा, आणि तोही फी भरून!

जिममधला पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. 'सर' म्हणतो आणि हुकूम सोडतो. पहिल्या दिवशी त्याने वजनं लावायच्या लोखंडी बारला हातही लावू दिला नाही. एक काठी आणून पाठीवर उभी धरली. डोकं, खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवून वाकायचं. मी वाकलो की माकडहाड काठीशी फारकत घ्यायचं.

"सर, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत. फ्रिजचं दार कसं लावाल?"

"बायकोला हाक मारीन."

"कुल्ले मागे, सर!"

सव्वीस वर्षं नोकरीत वाकण्यात गेली, तीही चुकीच्या सांध्यातून.

पुढे एकेक प्रकार सुरू झाले. साध्या डेडलिफ्टमध्ये बार पावलांच्या मध्यावर येईल असा ठेवून पायाला चिकटून वर आणायचा. माझ्या नडग्या किसलेल्या दुधीसारख्या झाल्या. सुमोत पाय फाकवून हात आत. पाठ जरा उभी राहते म्हणे. आरशात मात्र अंगणात कोंबडी धरायला टपलेला इसम दिसला. षट्कोनी ट्रॅप बारच्या आत उभं राहून दोन्ही बाजूंच्या मुठी धरायच्या. बालपण चाळीत, नळावरून दोन-दोन बादल्या वाहण्यात गेल्यामुळे हा एक प्रकार पहिल्या फटक्यात जमला.

खरा घात रोमानियन डेडलिफ्टने केला. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता वेटलिफ्टर निकु व्लाद हा व्यायाम करायचा. अमेरिकेत लोकांनी तो पाहिला आणि त्याच्या देशाचं नाव चिकटवलं. यात बार जमिनीला टेकवायचाच नाही. गुडघे किंचित सैल, कुल्ले मागे, बार मांडीला घासत गुडघ्याच्या जरा खाली न्यायचा आणि परत. मांडीमागे कुणीतरी सुतळी पिळत बसल्यासारखं वाटतं. माझा बार रिकामा होता, म्हणजे 20 किलो. घरी सांगताना 'रिकामा' हा शब्द मी गाळला.

तिसऱ्या दिवशी भाचीचं लग्न. मांड्यांच्या मागे नुसते दगड. तशात समोर आत्या. पाठ ताठ, मान सरळ, कुल्ले मागे असा मी शास्त्रशुद्ध वाकलो. मागे आइस्क्रीमची वाटी घेऊन उभे असलेले व्याही दोन पावलं सरकले. हात गुडघ्यापर्यंत गेले आणि सुतळी आवळली. ना खाली, ना वर.

आत्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग चष्मा सावरत म्हणाली, "अरे, पाय आणखी खाली आहेत माझे."