फाशांवर खटला भरण्याआधी

ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेमच्या कुठल्याही ग्रुपमध्ये डोकावा, दर दोन-चार दिवसांनी एक पोस्ट ठरलेली. सोबत स्क्रीनशॉट. माझं एवढं मोठं सैन्य, समोर चिमूटभर, तरी मीच आडवा झालो. खाली निकालही दिलेला: फासे फिक्स आहेत. मग कमेंटमध्ये ‘सेम हिअर’ची रांग, आणि कोणीतरी शकुनीमामाचा मीम टाकून मोकळा.

हे खेळ मी बरीच वर्षं खेळतोय. एका छोट्या ग्रुपच्या स्पर्धांमध्ये तक्रारी निस्तरायचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. तेव्हा मत स्पष्टच सांगतो. फासे जवळजवळ नेहमी निर्दोष निघतात. लबाडी चालते, बक्कळ चालते, पण ती दुसऱ्याच कोपऱ्यात. फाशांच्या नावानं आपण इतका शिमगा करतो की त्या कोपऱ्याकडे बघायला कोणाला सवडच होत नाही.

आधी गणित. ‘रिस्क’ हा सैन्यानं प्रदेश जिंकायचा पटावरचा खेळ घेऊ, कारण सगळ्यात जास्त बोंब तिथेच असते. आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाचा हा खेळ, १९५७ साली बाजारात आला. चढाई करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन फासे, राखणाऱ्याला दोन. मोठ्याशी मोठा लावायचा, दुसऱ्याशी दुसरा. बरोबरी झाली तर राखणारा जिंकतो. या शेवटच्या नियमात सगळी मेख आहे आणि चिडलेला माणूस नेमका तोच विसरतो.

तीन विरुद्ध दोन फाशांची एकूण ७,७७६ दानं होतात. त्यातल्या २,८९० दानांत राखणाऱ्याचे दोन्ही गडी पडतात, २,२७५ दानांत चढाई करणाऱ्याचे दोन्ही, आणि उरलेल्या २,६११ दानांत एकेक. म्हणजे साधारण ३७, २९ आणि ३४ टक्के. चढाई करणाऱ्याचं पारडं जड आहे, पण किती? केसभर. प्रत्येक फेकीला तुमचे सरासरी ०.९२ गडी जातात, समोरच्याचे १.०८. तीन फासे हातात आले म्हणजे आता हे दोघे चिरडलेच, असं जे वाटतं त्याला काहीही आधार नाही.

आता तो स्क्रीनशॉटवाला प्रसंग. सलग तीन फेकींत दोन-दोन गडी गेले, सहा गडी साफ, समोरच्याला ओरखडाही नाही. याची शक्यता किती? अडीच टक्के. साधारण चाळीसात एकदा. आणि एका डावात तुम्ही पंचवीस-तीस फेकी सहज करता. म्हणजे हा ‘अशक्य’ प्रकार दर दोन-तीन डावांत एकदा व्हायलाच हवा. वर्षभर झालाच नाही, तर मात्र मी म्हणेन की फाशांत काहीतरी काळंबेरं आहे.

एकास एक लढतीत तर चढाई करणाऱ्याची जिंकायची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्क्यांच्याही आत. शेवटचे दोन गडी घेऊन घुसायचं आणि हरलं की सर्व्हरच्या नावानं बोटं मोडायची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

सिव्हिलायझेशन खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात यावर मजेशीर निरीक्षण मांडलं होतं. पडद्यावर तीनास एक अशी आपल्या बाजूची शक्यता दिसत असताना हरलं की खेळाडू चिडतो, म्हणतो हे चूक आहे. तीनास एक शक्यता विरुद्ध असताना जिंकला, तर मात्र चकार शब्द काढत नाही; तो त्याचा डावपेच असतो! गणित दोन्हीकडे तेच. नशिबानं फटका दिला की फासे खोटे, नशिबानं हात दिला की मी हुशार. तक्रारींचा निम्मा ढीग इथेच संपतो.

‘पण कॉम्प्युटरला खरं रँडम करताच येत नाही ना?’ हा पुढचा हुकमी प्रश्न. बरोबर, साधा प्रोग्राम सूत्रानंच आकडे काढतो. पण ती सूत्रं कच्ची नसतात. मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ साली तयार केली, आजही ती असंख्य खेळांत चालते. तिचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतकी पावलं जावी लागतात. जुगारासाठी ती वापरू नये हेही खरं, कारण ३२ बिटांचे ओळीनं ६२४ आकडे जसेच्या तसे हाती लागले तर पुढचे सगळे काढता येतात. पण तुम्हाला फक्त १ ते ६ दिसतात. आणि मुख्य म्हणजे त्या सूत्राला तुम्ही कोण, तुमची रँक काय, मागच्या फेकीत काय झालं, यातलं काहीच ठाऊक नसतं.

चुका होत नाहीत असं नाही. एक ठरलेली चूक सांगतो. प्रोग्रामर ० ते २५५ मधला आकडा घेतो, त्याला सहानं भागतो आणि बाकीत एक मिळवून दान काढतो. २५६ ला सहानं पुरता भाग जात नाही, चार उरतात. त्यामुळे १ ते ४ ही दानं २५६ पैकी ४३ वेळा पडतात, ५ आणि ६ मात्र ४२ वेळा. खोट आहे, आळशीपणाची खोट आहे. पण ती नुसती आकडे मोजून ओळखायची तर काही लाख दानं नोंदवावी लागतील. तुमच्या परवाच्या हरण्याशी तिचा संबंध शून्य.

आणि ज्यांना हातातल्या फाशांची फार ओढ आहे, त्यांच्यासाठी: वेल्डन नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये बारा-बारा फाशांच्या २६,३०६ फेकींची नोंद जमवली. ५ किंवा ६ पडण्याचं प्रमाण एक तृतीयांश, म्हणजे ०.३३३३ यायला हवं होतं, आलं ०.३३७७. ठिपके कोरलेल्या साध्या फाशाला सहाच्या बाजूनं जास्त खड्डे असतात, ती बाजू किंचित हलकी राहते, असं त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण दिलं जातं. १९०० साली कार्ल पिअर्सनने आपली काय-स्क्वेअर चाचणी (आकडे अपेक्षेपासून किती ढळले ते तपासणारी) मांडताना हेच आकडे वापरले. म्हणजे सर्व्हरचा फासा खऱ्या फाशापेक्षा सोज्वळ निघण्याचीच शक्यता जास्त.

लोकांना हे पटत नाही, कितीही सांगा. गेम्सबायईमेल या साइटच्या मालकानं तर हात टेकले. खेळाडू ऐकेनात, तेव्हा २००९ मध्ये त्यानं खरे फासे उधळणारं माणसापेक्षा उंच यंत्रच बांधलं. फासे वर चढतात, खाली पडतात, कॅमेरा फोटो काढतो, प्रोग्राम ठिपके मोजतो. दिवसाला तेरा लाखांहून जास्त दानं! नुसत्या कुरकुरीपायी एवढा खटाटोप. मला तो माणूस भयंकर आवडतो, पण त्याच्यावर ही वेळ आली याचं वाईटही वाटतं.

याउलट खरीखुरी पकडली गेलेली खोट बघा. १९९९ मध्ये एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या तज्ज्ञांनी ऑनलाइन पोकरचा पत्ते पिसणारा प्रोग्राम फोडला. ५२ पत्त्यांच्या मांडण्या इतक्या की आकडा लिहायला ६८ अंक लागतात. पण तो प्रोग्राम पिसण्याची सुरुवात मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून करायचा. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणजे मांडण्याही फार तर तेवढ्याच. घड्याळ सर्व्हरशी जुळवून घेतल्यावर उरल्या सुमारे दोन लाख. हातातले पत्ते आणि टेबलावरचे पत्ते बघितले की बाकीच्यांचे उघडे. ही चूक सापडली कशी? प्रोग्राम जाहीर केला होता आणि जाणकारांनी तो वाचला. ‘माझे पत्ते नेहमी वाईट येतात’ या पोस्टमधून नव्हे.

आता माझा खरा राग. सततच्या ओरड्याला कंटाळून काही गेमवाल्यांनी फासे ‘मवाळ’ केले. फायर एम्ब्लेम या व्हिडिओ गेम मालिकेत २००२ पासून बऱ्याच भागांत वार लागला का ते ठरवताना दोन रँडम आकड्यांची सरासरी धरतात. पडद्यावर ९० टक्के लिहिलेला वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये हे मी चालवून घेईन. पण माणसांविरुद्धच्या गेममध्येही हल्ली ‘बॅलन्स्ड’ फासे मिळतात. रिस्कच्या अधिकृत ॲपमध्ये असा पर्याय आहे, कटान या पटावरच्या खेळाच्या धर्तीवरच्या कोलोनिस्ट या साइटवरही आहे. सोबत खरे रँडम फासेही निवडता येतात आणि कुठले चालू आहेत ते दिसतं, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम समजून घ्या. दोन फाशांची ३६ दानं एका गठ्ठ्यात ठेवून त्यातून एकेक काढायचं ठरवलं, तर बाराचं दान त्यात एकच. ते एकदा निघालं की गठ्ठा पुन्हा भरेपर्यंत बारा नाही, आणि वही घेऊन बसलेल्याला ते आधीच कळलेलं असतं. म्हणजे न्याय हवा म्हणून ओरडलात आणि मोजणाऱ्याच्या हातात आयतं हत्यार दिलंत. न सांगता असे फासे वापरणाऱ्या गेमला मी सरळ फसवणूक म्हणतो, मग त्यांचा हेतू कितीही गोड असो.

खरी लबाडी कशी दिसते? एक प्रकरण सांगतो. रिस्कमध्ये तुम्ही एखाद्याला संपवलंत की त्याच्याकडचे पत्ते तुम्हाला मिळतात. पत्त्यांचा संच मोडला, म्हणजे परत दिला, की नवं सैन्य. आमच्या स्पर्धेत एक भिडू सतत कोपऱ्यात बसून राहायचा. दर पाळीला एखादा प्रदेश घ्यायचा, पत्ता उचलायचा, बास. संच जमला तरी मोडणं टाळता येईल तितकं टाळायचा. आणि चार-पाच पत्ते साठले की अचूक त्याच वेळी त्याचा शेजारी त्याला गिळायचा. लॉग, म्हणजे डावाची चालवार नोंद, उघडला. दोघांच्या सीमेवर सुरुवातीपासून दोन्हीकडे एकेकच गडी उभा. अनोळखी माणसं एकमेकांवर इतका विश्वास टाकत नाहीत हो. मागचे डाव काढले तर तोच नमुना, फक्त कोणी कोणाला गिळायचं ते आलटूनपालटून. फोन दोन, माणूस एक. त्या स्पर्धेत हरलेल्या चौघांनी फाशांविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. त्या जोडगोळीविरुद्ध एकानंही नाही.

असेच बाकीचे प्रकार. दान वाईट पडलं की नेट गेल्याचं सोंग करायचं, म्हणजे काही कच्च्या गेममध्ये फेक पुन्हा मिळते. दान सर्व्हरऐवजी खेळाडूच्या फोनवरच काढणारे गेम असतात, तिथे तर ॲपमध्ये हात घालणाऱ्याला रान मोकळं. आणि बाहेरच्या चॅटवरची छुपी युती, जी कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही, फक्त वागण्यातून दिसते.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागा: प्रत्येक डावाचा पूर्ण लॉग, तुटलेल्या कनेक्शननंतर तेच दान कायम, आणि फासे मवाळ असतील तर तसं ठसठशीत लिहिलेलं. शंका असेल तर ६०० दानं ओळीनं नोंदवा, निवडून नव्हे. प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास येईल; ८२ ते ११८ मध्ये असेल तर गप्प बसा. एखादा जरासा बाहेर गेला म्हणूनही लगेच नाचू नका, सहा आकडे आहेत, कधीतरी एखादा जातोच.

याहून पक्का पुरावाही शक्य आहे. फोनवर दोघांनी नाणेफेक कशी करावी, जेणेकरून कोणालाच फसवता येणार नाही, हे मॅन्युएल ब्लमने १९८१ मध्येच दाखवलं. फाशासाठी आम्ही त्याचीच घरगुती आवृत्ती वापरतो. दोघांनी १ ते ६ मधला एकेक आकडा मनात धरायचा, त्याचा हॅश (आकड्यावरून काढलेला ठसा, ज्यावरून मूळ आकडा उलटा गणून काढता येत नाही) आधी एकमेकांना पाठवायचा, दोन्ही हॅश पोचले की मगच आकडे उघड करायचे. बेरीज करा, सहानं भागा, बाकीत एक मिळवा, झालं दान. दोघांपैकी एकानं जरी खरंच आंधळेपणानं आकडा निवडला तरी दान निष्पक्ष. एक खबरदारी मात्र घ्या: नुसत्या आकड्याचा हॅश पाठवलात तर समोरचा सहाच्या सहा हॅश काढून तुमचा आकडा ओळखेल. आकड्यापुढे लांबलचक काहीतरी अगम्य जोडा आणि उघड करताना तेही दाखवा.

फायनलला पहिली चाल कोणाची, हे आम्ही असंच ठरवतो. मागच्या वेळी हरलेल्या साहेबांनी सगळं नीट तपासलं, हॅश जुळला, आणि नंतर मला इनबॉक्समध्ये विचारलं, ‘ती हॅश काढणारी साइट कोणाची आहे?’