नांदूरमध्यमेश्वरला डास चावल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर, नमस्कार.

तुम्हाला आणि घरच्यांना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. मुलीच्या पायांवर गांधी उठल्या असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं.

एक स्टार देताना तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. आमचं डास पळवायचं तेल तासाभरात निकामी झालं, बाटलीवरचं लेबल पुसलं, बाटली ठेवायची पुठ्ठ्याची नळी ओली होऊन फाटली, आणि २४० रुपये घेऊन 'नैसर्गिक'च्या नावाखाली फसवणूक केली. पहिल्या तिन्हींवर बोलता येईल. त्या शेवटच्या शब्दाने मात्र दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही.

आधी त्या तासाभराचं बोलते. तुम्हीच लिहिलंय की साडेतीनला नाशिकहून निघताना सगळ्यांनी तेल लावलं, पाचला नांदूरमध्यमेश्वरला पोचलात आणि सहाच्या सुमारास डास चावायला लागले. सर, साडेतीन ते सहा म्हणजे अडीच तास झाले. तुम्ही धरलेला तास पोचल्यापासूनचा आहे. तेल मात्र अंगाला लावल्या क्षणापासून उडायला लागतं, आणि गाडीच्या काचा खाली असतील तर आणखी लवकर. अडीच तास टिकलेल्या तेलाला 'तासाभरात निकामी' म्हटलेलं मनाला फार लागलं.

हे तेल काम कसं करतं तेही सांगते. डास आपल्याला शोधतो तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि अंगाच्या वासावरून. सिट्रोनेला आणि गवती चहाच्या तेलाचा वास त्याला गोंधळात पाडतो. पण वास येतो म्हणजेच तेल हवेत उडतंय. ते उडालं की काम संपलं. डीट हे डास पळवणारं रसायन घातलेली मलमं सावकाश उडतात म्हणून कितीतरी तास टिकतात, हे मी स्टॉलवर विचारणाऱ्याला स्वतःहून सांगते. आमच्या तेलात अर्काचं प्रमाण वाढवता येईल, पण मग कातडीची आग होते. आम्ही ते आमच्याच हातांवर लावून पाहिलंय. मूळ तेल तिळाचं घेतो, कारण नारळाचं निफाडच्या थंडीत बाटलीतच गोठतं. निंबोळी तेल अगदी थोडं घालतो. जास्त घातलं तर औषध मारलेल्या द्राक्षबागेत उभं राहिल्यासारखा वास येतो आणि कोणी अंगाला लावत नाही.

शिवाय जागा कोणती आणि वेळ कोणती, हेही बघा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, मागे पसरलेलं उथळ पाणी, पाणगवत. पक्ष्यांना ते आवडतं म्हणून तर २०२० साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, जाहीर झाला. पण दिवस मावळताना तिथे डासांचीही तीच वेळ असते. पोचल्यावर पाच वाजता एकदा परत हात फिरवला असता तर अंधार पडेपर्यंत निभावलं असतं. बाटलीवर तसं छापलेलंच आहे: 'दर दीड ते दोन तासांनी परत लावा, पाण्याजवळ त्याआधी.'

आणि इथेच मी अडते, कारण तेच लेबल पुसलं गेलं असं तुम्ही म्हणताय. आमचं लेबल साध्या कागदाचं आहे. त्यावर चकचकीत थर द्यायचा म्हणजे प्लास्टिकचाच थर, आणि तो आम्हाला नको होता. बाटली तिरकी केली की तेलाचा ओघळ येतो आणि अक्षरं पसरतात. सूचना तुम्हाला वाचताच आली नसेल तर सगळा दोष तुमच्यावर ढकलणार नाही. स्टॉलवरच्या मुलाने 'संध्याकाळभर चिंता नाही' असं सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे. तो माझा भाचा. तो म्हणतो, दोन तासांचं सांगितलं होतं. मी तेव्हा जेवायला गेले होते, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही. त्याला समज दिली आहे.

नळी ओल्या गवतात ठेवली तर भिजणारच. ती मातीत मिसळून जावी म्हणूनच पुठ्ठ्याची केली आहे. किमतीचं म्हणाल तर बाटली काचेची आहे आणि आत अर्क खरे आहेत. खनिज तेल घालून पातळ केलं असतं तर निम्म्यात दिलं असतं.

आता 'फसवणूक'. हे तेल डेंगीपासून वाचवतं असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. पावसाळ्यात लोक तेच विचारत येतात. डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून त्यांना आधी सांगते की आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तेल त्यानंतर. असं सांगताना गिऱ्हाईक हातचं जातं, तरी सांगते. सातपूरच्या आमच्या एका खोलीत माझ्याबरोबर चार बायका बाटल्या भरतात. तुमचा रिव्ह्यू वाचून एका दुकानदाराने दोन डझनांची ऑर्डर थांबवली. तुम्ही लिहू नये असं म्हणत नाही, फक्त त्या एका शब्दाचं वजन आमच्यावर किती पडतं ते कळावं.

लेबलासाठी छापखान्याशी बोलणं चालू आहे, काहीतरी मार्ग निघेल. तोवर प्रत्येक बाटलीच्या गळ्यात सुतळीने वेळेची चिठ्ठी बांधतोय. नळीला मेणाचा हात देऊन बघायचंही मनात आहे.

तुमचे २४० रुपये परत देते, बिल नसलं तरी चालेल. रिकामी बाटली आणलीत तर तिचे २० रुपये सगळ्यांना देतो तसे तुम्हालाही मिळतील. नवी बाटली हवी असेल तर घेऊन जा, लावायची कशी ते मी स्वतः दाखवीन. शनिवारी सातपूरला वीज नसते म्हणून काम बंद असतं, एरवी दहा ते सहा कधीही या. मुलीच्या गांधी बसल्या का, तेवढं कळवा.