‘फर्दर’ लिहिले म्हणून अर्धा गुण

आज सायंकाळी पुतणीने घटक चाचणीची इंग्रजीची उत्तरपत्रिका दाखवली आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. ‘द लाइटहाउस इज फर्दर (further) दॅन द जेटी’, म्हणजे दीपगृह जेटीच्या पुढे आहे, असे तिने लिहिले होते. ‘फर्दर’वर लाल फुली, तिच्या डोक्यावर बाईंच्या सुबक अक्षरात ‘फार्दर’ (farther), आणि समासात अर्धा गुण वजा. कारण विचारले तर तिने पाठ केलेले म्हणून दाखवले: अंतर मोजता येत असेल तर फार्दर, मोजता येत नसेल तर फर्दर. लक्षात राहावे म्हणून ‘फार (far) म्हणजे दूर’ अशी युक्तीही वर्गात सांगितली आहे म्हणे. (मराठी मुलाच्या कानाला ‘फार’ म्हणजे पुष्कळ, त्यात अंतराचा संबंधच नाही, हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.)

आता माझे ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक इंग्रज पाहुणे उतरले होते. जन्म इंग्लंडातला, नोकरी तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवण्याची, आणि निवृत्तीनंतर पक्ष्यांचे वेड. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रातल्या खडकांवर, जिथे ते दीपगृह आहे, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वस्ती आहे, ती त्यांना पाहायची होती. काका तांडेल, मी दुभाषा, अशी आमची होडी निघाली. किनारा मागे पडला, होडी हलू लागली, तसे पाहुणे दोन्ही हातांनी काठ धरून बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘हाऊ मच फर्दर?’ काकांनी सुकाणूवरचा हात न काढता हनुवटीने खडक दाखवला आणि म्हणाले, “वायच रवला,” म्हणजे थोडेच राहिले. भाषांतराची गरजच पडली नाही.

समोर खारे पाणी, मैलांत मोजता येईल असे अंतर, विचारणारा इंग्रजीचा इंग्रज मास्तर, आणि त्याच्या तोंडी शब्द ‘फर्दर’. आमच्या घटक चाचणीत त्याचाही अर्धा गुण गेला असता.

हा नियम देवाने दगडावर कोरून दिलेला नाही. या दोघांत ‘फर्दर’ थोरला आहे. त्याचे नाते ‘पुढे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी आहे आणि ‘अधिक पुढे’ हाच त्याचा मूळ अर्थ. ‘फार्दर’ हे मध्ययुगीन इंग्रजीत त्याचेच फुटलेले दुसरे रूप. इंग्रजी ‘फार’ला स्वतःचे वेगळे तुलनेचे रूप होते, ते मागे पडले आणि त्याच्या जागी ही दोन्ही भावंडे येऊन बसली. अंतराला एक आणि प्रमाणाला दुसरा ही वाटणी पुढच्या काळातल्या व्याकरणप्रेमी मंडळींनी करून दिली. इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी 1926 सालीच नोंदवून ठेवले आहे, की बहुतेक लोक दोहोंपैकी एकच शब्द सर्व कामांना वापरतात आणि बहुसंख्यांचा कल ‘फर्दर’कडे आहे. त्याला शंभर वर्षे होत आली. आमच्या तालुक्यात ही बातमी पोहोचायची आहे.

आणि पोरीचे चुकले तरी काय? आपल्या भाषेत एकच ‘पुढे’ सगळे काम करतो. दीपगृह जेटीच्या पुढे असते, मुलगी बारावीनंतर पुढे शिकते, चौकशी पुढे सरकत नाही, आणि यापुढे असे खपवून घेणार नाही असे आपण ग्रामसभेत सांगतो. त्याच सवयीने तिने इंग्रजीत एक शब्द निवडला आणि तो नेमका ब्रिटिश माणूस रोज निवडतो तोच निघाला. पाठ थोपटायची सोडून फुली!

अमेरिकेतले संपादक आणि वृत्तसंस्था हा भेद पाळतात, तेव्हा तिकडे जाऊन लिहिणाऱ्याने तो पाळावा, एवढे मी मान्य करतो. परंतु मग नियम पुरता तरी शिकवा. ‘फर्दर’ दोन्हीकडे चालतो, ‘फार्दर’ मात्र अंतराच्या बाहेर पडला की अडखळतो. समुद्र खवळला की प्रवासी वाहतूक ‘अंटिल फर्दर नोटिस’ बंद राहते, तिथे ‘फार्दर’ घातला तर हसे होईल. एखादे कार्य पुढे नेणे या अर्थी क्रियापद हवे असेल तर तेही ‘फर्दर’च. म्हणजे ज्याला दोहोंतला एकच शब्द नीट येतो, त्याने ‘फर्दर’ धरून राहावे हे सर्वांत सुरक्षित, आणि आम्ही नेमका त्याच्यावर गुण कापतो.

बाईंवर माझा राग नाही, हे लिहिता लिहिता जाणवते आहे. गच्च भरलेला वर्ग, तपासायचे गठ्ठे आणि हाताशी बाजारातले गाइड. त्यात जे चौकटीत छापले आहे तेच फळ्यावर उतरणार. राग आहे तो त्या चौकटी छापणाऱ्यांवर. ज्या शब्दांनी आमच्या माणसांचे खरोखर अडते, त्यांना या गाइडांत जागा नाही.

त्या दिवसाचेच सांगतो. खडकांवरून परत आल्यावर काकूने बांगड्याचे तिखले वाढले, तिरफळ घालून, आणि पाहुणे म्हणाले, ‘क्वाइट (quite) गुड.’ काकूने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगायचे? अमेरिकन माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर ते बहुधा ‘फारच छान’ असते. ब्रिटिश माणूस म्हणाला तर ते बहुतेक वेळा ‘बरे आहे’ इतकेच असते, आणि कधी कधी मनापासून आवडलेलेही तो तेवढ्यावरच भागवतो. तोच माणूस ‘क्वाइट राइट’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘अगदी बरोबर’. एकाच शब्दाची धाव ‘जरासे’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत, आणि ती ठरते पुढच्या विशेषणावर आणि बोलणाऱ्याच्या देशावर. मी काकूला “बरा असा म्हणता” असे सांगितले, तिचा चेहरा पडला, आणि मग पाहुण्यांनी ताट पुढे करून पुन्हा रस्सा मागितला. हे शिकवा ना! ज्या पट्ट्यात घरटी एक निवास-न्याहारीचा फलक लागतो आहे आणि पाहुण्यांचे अभिप्राय इंग्रजीत येतात, तिथल्या मुलांना ‘क्वाइट’ची चढउतार कळली तर त्यांच्या आईवडिलांचा धंदा समजून घेता येईल.

‘टू’चे (too) तर विचारूच नका. आमच्या बोलण्यात ‘टू गुड’ म्हणजे अतिशय चांगले. इतरत्र ‘टू’ म्हणजे प्रमाणाबाहेर, सोसवत नाही इतके. तारकर्लीच्या वाटेवर ‘बीच टू निअर’ अशी एक पाटी मी स्वतः वाचली आहे. मालकाला म्हणायचे होते, समुद्र अगदी हाकेवर. परका वाचणार, समुद्र नको इतका जवळ. आणि पावसाळ्यात ते खरेही असेल, हा भाग वेगळा.

हे वाचणाऱ्या, इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रांनी पुढच्या चाचणीत ‘फर्दर’ला हात लावू नये आणि तो वाचलेला तास ‘क्वाइट’, ‘टू’ आणि ‘व्हेरी’ला द्यावा. दिवाळीआधी पाट्या रंगवून घेणाऱ्यांनी मजकूर पेंटरकडे देण्यापूर्वी मला पाठवावा, मी पाहून देईन. पैसे नकोत, पण ‘टू’ काढायला सांगितला तर वाद घालू नये.